डेक शीट अंथरताना पडण्यापासून बचाव: स्टील इमारतीवरच्या कामाच्या नोंदी

3 फेब्रुवारी

चार मजली स्टील फ्रेम. बे (चार कॉलममधला गाळा) 9 बाय 9 मीटर, दर 3 मीटरला सेकंडरी, म्हणजे मधला दुय्यम बीम, मजल्याची उंची 4.2 मीटर. बीमवर 1 मिलिमीटर जाडीचा गॅल्व्हनाइज्ड डेक (उंचवटे असलेला पत्रा), त्यावर पुढे काँक्रीट. शीट 9 मीटर लांब, कव्हर (एक शीट झाकते ती रुंदी) 600 मिलिमीटर, वजन साधारण 60 किलो.

हे काम अवघड का, ते या शेवटच्या आकड्यात आहे. 60 किलोची लांबलचक शीट दोघांनी धरायची, म्हणजे दोघांचेही दोन्ही हात अडकलेले. बोल्ट कसणारा फिटर बीमवर दोन्हीकडे पाय सोडून बसतो, वेळ आली तर हाताने धरतो. डेकवाला उघड्या कडेकडे तोंड करून चालत जातो, आणि वारा सुटला की हातातली शीटच त्याला ढकलते. एक शीट बसली की कड 600 मिलिमीटर पुढे सरकते, माणूसही तिच्या मागोमाग.

हातात आलेला सुरक्षा आराखडा एका पानाचा आहे. सर्वांनी फुल बॉडी हार्नेस (अंगभर पट्ट्यांचा) घालावा, डबल लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला, टोकाला हुक असलेला दुहेरी दोर) वापरावा, परमिट घ्यावं. हुक कशाला लावायचा याबद्दल चकार शब्द नाही. पान फाइलला लावलं आणि कोऱ्या कागदावर सुरुवात केली.

5 फेब्रुवारी

हुक लावायला हाताशी दोनच गोष्टी आहेत: दर 9 मीटरला कॉलम आणि पायाखालचा बीम. बीमच्या फ्लॅंजला (वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीला) क्लॅम्प लावून त्यात हुक, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला उपाय. तो आधी कागदावर तपासला.

लॅनयार्ड 1.8 मीटर. शॉक अ‍ॅब्सॉर्बर (लॅनयार्डमधली झटका खाणारी शिवलेली पट्टी) पूर्ण फाटून उघडला तर 1.75 मीटर, युरोपच्या ईएन 355 मानकातली ही कमाल मर्यादा. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून (डी-रिंग) तळपायापर्यंत 1.5 मीटर. राखीव 1 मीटर. बेरीज 6.05 मीटर, आणि खाली मोकळी उंची 4.2. राखीव मीटर सोडून दिला तरी 5.05 होतात.

मुकादमाने कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे साहेब, बांधलेला माणूससुद्धा खाली आपटणार?" आपटणार. हार्नेस असेल, हुक असेल, परमिटवर सही असेल आणि तरीही आपटणार.

शिवाय हुक पायाशी असला की डी-रिंग त्याच्या वर 1.5 मीटर असते. माणूस आधी तेवढा खाली येतो, मग लॅनयार्डची लांबी. दोर ताणला जाईपर्यंत 3.3 मीटर मोकळं पडणं झालेलं असतं. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) नियमात ही मर्यादा 6 फूट, म्हणजे 1.8 मीटर आहे.

पायाखालच्या बीमला हुक लावायचा नाही, असं आज लिहून टाकलं. तुमच्याकडे उंची 7-8 मीटर असेल तर बेरीज वेगळी येईल, पण बेरीज करा.

7 फेब्रुवारी

मग हुक वर न्यायचा. कॉलमपासून कॉलमपर्यंत डोक्याच्या उंचीवर वायररोपची लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा आडवा दोर. दिसायला सोपं, पण तीन ठिकाणी अडलं.

पहिलं, ओढ. आडव्या दोराच्या मधोमध माणूस लटकला की टोकांवर त्याच्या कितीतरी पट ओढ येते. पडणाऱ्याचा झटका 6 किलोन्यूटन (साधारण 600 किलो वजनाइतका) धरला आणि दोर फक्त 5 अंश खाली वाकला, तर प्रत्येक टोकाला सुमारे 34 किलोन्यूटन. 15 अंश वाकू दिला तर साधारण 11.6 वर येते, पण मग 9 मीटरच्या गाळ्यात दोर मध्यभागी 1.2 मीटर खाली येतो आणि तेवढी उंची पुन्हा हातची जाते. दोर ताठ ओढला म्हणजे काम पक्कं झालं, ही समजूत साइटवर फार रुजलेली आहे. अंश कोणीच मोजत नाही.

दुसरं, कॉलम दोन-दोन मजल्यांच्या तुकड्यांत येताहेत. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर दोर बांधायला कॉलम उंच आहे. दुसऱ्या आणि चौथ्यावर कॉलम स्लॅबच्या वर जेमतेम 1.2 मीटर उरतो. निम्म्या इमारतीत डोक्यावर काहीच नाही.

तिसरं, बेच्या मधोमध काम करणारा माणूस दोरापासून 4.5 मीटर बाजूला असतो. तो सरळ खाली जात नाही, झोका घेत कॉलमवर जाऊन आदळतो.

लाइफलाइन रद्द केलेली नाही. ती आता फक्त बाहेरच्या कडेच्या कामापुरती.

10 फेब्रुवारी

आजच्या बैठकीत वेल्डिंगवाल्यांच्या ठेकेदाराने ओशाच्या 2001 च्या स्टील उभारणी नियमातली एक सवलत काढली: 'कंट्रोल्ड डेकिंग झोन'. 15 ते 30 फूट उंचीवर, कडेपासून 90 बाय 90 फुटांच्या आखलेल्या क्षेत्रात, खास प्रशिक्षण घेतलेल्या डेकवाल्यांना हुक न लावता काम करू देता येतं. पक्की न केलेली डेक 3,000 चौरस फुटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, प्रत्येक शीटला निदान दोन ठिकाणी तात्पुरती पकड द्यायची, हद्दीला कंट्रोल लाइन लावायची.

सवलत खरी आहे, पण आमच्या कामाला ती घेतली नाही. त्या झोनमध्ये परक्याला आत येण्यापासून अडवायची सोय आहे, आतला पडला तर त्याला झेलायची नाही. त्यातल्या दोन अटी मात्र उचलल्या. पक्की न केलेली डेक मर्यादेत ठेवायची (आम्ही एक बे ठरवला, 81 चौरस मीटर) आणि शीट टेकताच दोन्ही टोकांना दोन-दोन खिळे मारायचे. खिळे मारल्याशिवाय त्या शीटवर पाय ठेवायचा नाही.

12 फेब्रुवारी

सेफ्टी नेट ठरली. पूर्ण बेखाली, बीमच्या खालच्या फ्लॅंजच्या पातळीवर. पडणं अर्ध्या मीटरच्या आसपास आलं आणि माणसाचे हात मोकळे राहिले. दोर ओढत चालायचं नाही म्हटल्यावर डेकवाल्यांनीही तक्रार केली नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. त्रास होणारं साधन दुपारनंतर कोणी वापरत नाही.

नेट लावताना पाळायच्या गोष्टी: अडकवण्याच्या दोन जागांमध्ये 2.5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोन जाळ्या शिवल्या तर फट 100 मिलिमीटरपेक्षा मोठी नको, शिवायच्या नसतील तर एकीवर दुसरी निदान 2 मीटर चढवायची. प्रत्येक जाळीला वेगळा चाचणीचा तुकडा असतो, तो वर्षातून एकदा तपासून घ्यावा लागतो. भाड्याने आलेल्या जाळ्यांपैकी काहींवर टॅगच नव्हता. त्या तशाच परत पाठवल्या, त्यामुळे सुरुवात दीड-दोन दिवस पुढे गेली.

17 फेब्रुवारी

पहिल्या मजल्याखाली नेट लागली. जमीन पक्की असल्याने सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या दांड्यांवर वर जाणारा चाकांचा पाळणा) आरामात फिरली. पण बांधण्याची पद्धत फसली.

मुलांनी जाळीचे टाय-रोप बीमला पूर्ण वेढे घालून बांधले, म्हणजे दोर वरच्या फ्लॅंजवरून गेला. बांधलं घट्ट आणि दिसलंही छान. पहिली शीट नमुन्यादाखल टेकवली तर ती दोरावर बसली, एका बाजूने बोटभर उचललेली. खिळा मारला असता तर पत्रा वाकला असता, आणि दोर डेकखाली कायमचा अडकून जाळी काढताच आली नसती. सगळं सोडून पुन्हा बांधलं, या वेळी खालच्या फ्लॅंजला क्लॅम्प लावून. एक पूर्ण पाळी यात गेली.

फॅब्रिकेटरला (बीम बनवणाऱ्याला) आजच कळवलं की वरच्या मजल्यांच्या बीमच्या वेबला (मधल्या उभ्या पट्टीला) दर 2 मीटरला सळईची कडी यार्डातच वेल्ड करून पाठवा. हे ड्रॉइंगच्या वेळीच सांगायला हवं, तेव्हा सांगितलं तर कोणी कुरकुर करत नाही.

संध्याकाळी जाळीखाली प्लंबिंगवाल्यांचे पाइप रचलेले दिसले. माणूस जाळीत पडला की जाळी खोल खाली येते, त्या खोलीत पाइपांचा ढीग असेल तर जाळी असून नसल्यासारखी. तिथे लाल-पांढरी पट्टी लावून माणसांना आणि मालाला बंदी केली. जाळीची घरं 100 मिलिमीटरची असतात, खिळे आणि पत्र्याचे कपटे सरळ खाली येतात, म्हणूनही खाली कोणी नको.

19 फेब्रुवारी

बंडल. माझ्या मते डेकच्या कामातला निम्मा बचाव क्रेनच्या हुकवर असतो.

15 शीटचं बंडल सुमारे 900 किलोचं. 15 गुणिले 0.6 म्हणजे 9 मीटर, एका बेला बरोबर एक बंडल. क्रेनवाल्याचा कल सगळी बंडलं एकदम उघड्या बीमवर ठेवून मोकळं होण्याकडे, कारण वरचे बीम लागले की खाली माल उतरवायला वाट राहत नाही. त्याचं म्हणणं चूक नाही. पण मग बंडलाची पट्टी कापायला माणसाला उघड्या बीमवरून चालत जावं लागतं, आणि शीट उचलून मागे आणावी लागते.

ठरलं ते असं. पहिल्या बेचं बंडल उघड्या बीमवरच बसणार, त्याला इलाज नाही. त्याखाली जाळी आधी, आणि सुरुवातीच्या शीट बूम लिफ्टमधून (लांब हातावरच्या पाळण्यातून) सरकवायच्या. त्यानंतर प्रत्येक बेचं बंडल आधीच्या, खिळे मारून पक्क्या केलेल्या बेच्या कडेला, लाकडी पॅकर ठेवून बीमच्या बरोबर वर. दोन बीमच्या मध्ये कधीच नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हे लेखी घेतलं. वरच्या बीमची उभारणी यामुळे एक बे मागे राहते. उभारणीवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वेळापत्रक बसलं.

बंडल ठेवण्याआधी शीटची दिशा बघा. लॅपची (शेजारच्या शीटवर चढणारी) बाजू उलटी आली तर 9 मीटरची प्रत्येक शीट उंचावर फिरवावी लागते. यार्डात बंडलावर स्प्रेने बाण आणि बे नंबर टाकून घेतला. बांधायच्या पट्टीला स्लिंग अडकवून बंडल उचलायचं नाही, ती पट्टी फक्त वाहतुकीसाठी असते.

24 फेब्रुवारी

काम सुरू. सकाळी शीटवर दव. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर कारखान्यातला तेलाचा हलका थर असतो, त्यावर दव पडलं की बुटाखाली साबण. बोटाने रेघ ओढली तर पाण्याचे थेंब रेघेला न चिकटता बाजूला सरकत होते. ऊन चढेपर्यंत शीट हलवायची नाही असं ठरवलं आणि तो वेळ कडेच्या दोराला दिला.

शीट पक्की करायला वेल्डिंगऐवजी गनचे खिळे निवडलेत. कारण खालची जाळीच आहे. वेल्डिंगचा तापलेला थेंब नायलॉनवर पडला की धागा वितळतो, आणि वितळलेला धागा खालून बघताना पटकन दिसत नाही.

27 फेब्रुवारी

बाहेरच्या कडेला जाळी संपते. तिथल्या दोन माणसांना लाइफलाइनवर रिट्रॅक्टेबल ब्लॉक (पट्टा आपोआप आत ओढणारी आणि झटका बसला की अडवणारी पेटी) दिले होते. आज संध्याकाळच्या तपासणीत एका ब्लॉकच्या पट्ट्यावर, टोकापासून हातभर अंतरावर, आडवी चिरलेली रेघ सापडली. पट्टा दुमडल्यावर आतले पांढरे धागे बाहेर आले. कोणीही पडलेलं नव्हतं. शीटच्या कापलेल्या टोकावरून पट्टा दिवसभर घासला, एवढंच.

ब्लॉकवरचं लेबल वाचलं तर तो फक्त डोक्यावर टांगून वापरायचा होता. कडेवरून वाकणाऱ्या दोरासाठी वेगळे ब्लॉक येतात, स्टीलच्या दोराचे, झटका खाणारा भाग माणसाच्या बाजूला असलेले. जुने बाद केले आणि नवे येईपर्यंत कडेचं काम बंद ठेवलं. दरम्यान कडेच्या पट्टीचा पत्रा बाहेरून बूम लिफ्टमधून लावला. ते इतकं सोपं गेलं की पुढेही तसंच ठेवलं. कडेवर आता फक्त रोखणारा दोर: लांबी अशी की माणूस कडेपर्यंत पोचूच शकत नाही. पडूच न देणं झेलण्यापेक्षा स्वस्त, आणि उंचीची बेरीजही लागत नाही.

3 मार्च

डक्टच्या जागा. ड्रॉइंगप्रमाणे शीट तिथे आधीच कापून यायची होती. थांबवलं. भोकावरून शीट सलग टाकली, चारी बाजूंनी शटरिंगची पेटी केली. काँक्रीट पक्कं झाल्यावर आतला पत्रा कापायचा. भोकच नाही तर झाकण हरवायचा प्रश्नही नाही.

जिन्याची जागा मात्र उघडीच राहणार, तिथे चारही बाजूंनी रेलिंग. कॉलमभोवती शीट खाचून बसवतात तिथल्या फटींकडे कोणाचं लक्ष नसतं. पाऊल जाईल एवढी फट प्रत्येक कॉलमपाशी होती. टेकायला अँगल नसल्यामुळे पत्र्याची टोकं लोंबकळत होती. स्टीलवर टेकण निदान 50 मिलिमीटर हवी, काही जागी निम्मीही नव्हती. अँगल लावले, तोवर त्या जागांवर रंगाने फुली.

6 मार्च

बाहेरच्या कडेचा वायररोप: एक 1.1 मीटरवर, दुसरा निम्म्या उंचीवर. कॉलमला त्यासाठी भोकं हवीत, ती ड्रॉइंगमध्ये नव्हती. उंचावर मॅग्नेटिक ड्रिलने पाडली, प्रत्येक भोकासाठी बूम लिफ्ट हलवत. यार्डात हे काम मिनिटांचं असतं. सगळ्यात जास्त वाया गेलेला वेळ याच कामात गेला.

दोराच्या टोकांच्या क्लिपा तपासताना निम्म्या उलट्या सापडल्या. क्लिपचं सॅडल (खोबणीचा पाया) ओढ घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर, असंच बसलं पाहिजे. उलट बसवलं तर यू-बोल्ट मुख्य दोर चिरडतो. 12 मिलिमीटर दोराला प्रत्येक टोकाला तीन क्लिपा, आणि ओढ दिल्यावर नट पुन्हा कसायचे.

हा दोर रेलिंग आहे, हुक लावायचा नाही. तरी दुपारी दोघांनी त्यालाच हुक लावला होता. मुकादम त्यांच्यावर ओरडला, पण दोष दिसण्याचा आहे: दोन्ही दोर सारखेच दिसतात. लाइफलाइनला पिवळा पाइप घातला, रेलिंगला लाल फिती.

11 मार्च

दुसऱ्या मजल्यावर अडलो. जाळी लावायला सिझर लिफ्ट पहिल्या मजल्यावर हवी, आणि पहिल्या मजल्यावर अजून नुसता पत्रा. दीड-दोन टनाचं यंत्र, चार चाकांवर, नुसत्या डेकवर नेणं शक्य नाही. आधी काँक्रीट, मग त्याला ताकद यायला वेळ, मग लिफ्ट. मूळ वेळापत्रकात दोन मजल्यांची डेक पाठोपाठ होती.

पर्याय दोन. एक, हलकं चाकाचं मचाण प्लायवर फिरवत जाळी लावायची. दोन, क्रम बदलून प्रत्येक मजल्याचं काँक्रीट आधी. पहिला करून पाहिला. मचाण प्रत्येक बीमखाली ढकलताना डेकच्या उंचवट्यांवर अडखळत होतं, आणि वर चढलेला माणूस खाली उतरायचा कंटाळा करून मचाणासकट सरकत होता. अर्ध्या दिवसात बंद केलं. क्रम बदलला. इंजिनिअरने लिफ्टच्या चाकाचा भार पाहून स्लॅबची ताकद ठरवून दिली आणि क्यूबचे (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या चाचणीचे) निकाल आल्याशिवाय लिफ्ट वर नेली नाही. आठवडाभर गेला. नेट निवडतानाच "ही लावणार कशावर उभं राहून" हा प्रश्न 12 फेब्रुवारीच्या कागदावर हवा होता.

14 मार्च

सुटकेची तालीम. 80 किलोचं वाळूचं पोतं हार्नेसमध्ये घालून कडेच्या लाइफलाइनवर लटकवलं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, जीव जाऊ शकतो, म्हणून मिनिटांत खाली आणायचं. प्रत्यक्षात बूम लिफ्टची चावी ऑपरेटरच्या खिशात आणि ऑपरेटर चहाला. पोतं खाली यायला वीस मिनिटांच्या वर लागली. चावी आता लिफ्टच्या पेटीत, दुसरा माणूस शिकवलेला, आणि हार्नेसच्या बाजूला पाय टेकवायचे पट्टे. दुसऱ्यांदा पाचच्या आत.

जाळीत पडलेल्याला काढणंही करून पाहिलं. जाळीत माणूस उभा राहू शकत नाही, त्याला लोळत बीमपाशी यावं लागतं. खालून लिफ्टने जाणं बरं.

26 मार्च

दुसरा मजला, यार्डात वेल्ड केलेल्या कड्यांसह. जाळी लावायला पहिल्या मजल्याच्या निम्माही वेळ लागला नाही. वारा वाढला तेव्हा अर्धं उघडलेलं बंडल रॅचेट बेल्टने बीमला बांधलं आणि शीट थांबवल्या. पाळी संपताना सुटी शीट एकही ठेवायची नाही, हा नियम आता मुकादमच पाळून घेतो.

स्टड (डेकमधून बीमला वेल्ड करायचे, काँक्रीट धरून ठेवणारे खुंट) वेल्डिंगच्या आधी जाळी खालून काढायची. क्रम असा पडला: शीट, खिळे, कडेचा दोर, भोकांच्या पेट्या, मग जाळी उतरवायची, मग स्टड. स्टडवाल्यांना घाई होती म्हणून एका बेमध्ये जाळी असतानाच सुरुवात झाली. उतरवल्यावर ती जाळी उजेडात ताणून पाहिली, तीन घरांचे धागे वितळून गाठी झालेल्या. ती जाळी आता विटा झाकायला दिली आहे, टॅग कापून.